बाईंची दुरुस्ती

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शुक्रवारी संध्याकाळी लेखन कार्यशाळा भरायची. ‘या, मन मोकळं करा’ असं खाली दाराशी फलकावर लिहिलं होतं, आणि लोक खरोखरच येऊन मन मोकळं करत. मोकळी झालेली ती मनं घरी नेऊन निवडायची, पाखडायची आणि नीट बांधून परत आणायची, हे काम बाईंचं होतं. ते मात्र फलकावर लिहायचं राहून गेलं होतं.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भाषेच्या शिक्षिका. आता दुपारी दोन-तीन घरी जाऊन शिकवण्या घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात ही कार्यशाळा. पगार नाही, मानधन नाही, चहाही ज्याचा त्याने आणायचा. बाईंचे यजमान धडधाकट होते तेव्हा म्हणायचे, “घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस!” आणि बाई म्हणायच्या, “भाजते. तुमचं काही जळतंय का?” मग यजमानांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं आणि ही थट्टा आपोआप बंद पडली. भाकऱ्या भाजणं काही बंद पडलं नाही.

कार्यशाळेची एक पद्धत होती. लिहिलेलं नाव न घालता कोपऱ्यातल्या खोक्यात टाकायचं. बाई ते घरी नेणार, तपासणार, टाइप करणार. पुढच्या शुक्रवारी एकाचं लिखाण दुसऱ्याने वाचायचं, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं आणि सगळं बोलून झालं की ज्याचं असेल त्याने हात वर करायचा. म्हणजे तोंडावर कौतुक नको आणि पाठीमागे कुरकुर नको. पद्धत बाईंनीच घातलेली, आणि चांगली होती.

बिघडलं ते ‘तपासणं’ या शब्दात. सुरुवातीला बाई नुसते ऱ्हस्व-दीर्घ बघायच्या. मग एखादं लंगडं वाक्य सरळ करायला लागल्या. मग एखादा परिच्छेद वर घेतला, एखादा शेवट बदलला. होता होता अशी वेळ आली की लोकांना आपलंच लिखाण ऐकताना ओळखू येईना. येणाऱ्यांपैकी एक पार्लरवाली एकदा हसत म्हणाली होती, “आपलं पोर बाईंकडे दिलं ना, की न्हाऊनमाखून, भांग पाडून परत येतं. जरा वेळ वाटतं, हे कुणाचं बाई गोंडस लेकरू!” सगळे हसले. बाईही हसल्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

उलट त्यामुळेच तर यश येत होतं. जिन्याजवळच्या भिंतीवर ‘आपले लेखक’ असा मोठा फलक होता. ज्याचं काही छापून येईल, ज्याला बक्षीस मिळेल, त्याचा फोटो तिथे लागायचा. कवितासंग्रह छातीशी धरलेली पार्लरवाली होती. सगळे दात दाखवून हसणारी दातांची डॉक्टर होती. निवृत्त रोखपाल तर दोनदा होते, एकदा चष्म्यासह आणि एकदा चष्म्याविना. बाईंचा फोटो नव्हता. कसा असणार? बाईंनी स्वतःचं म्हणून काही लिहिलं त्याला किती वर्षं झाली, हे त्यांनाही आठवत नव्हतं. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करून उठेपर्यंत त्यांची स्वतःची कंबर सरळ होत नसे.

आणि एका दुपारी त्या लिहायला बसल्या. ठरवून नव्हे. समोर ड्रायव्हरभाऊची पानं होती. ड्रायव्हरभाऊ शहरातल्या बसवर होता, कार्यशाळेत नवा, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. तिच्यावरच त्याने लिहिलं होतं. बाईंनी पहिली ओळ वाचली, लाल पेन उघडलं, आणि त्यांना एकदम इतका कंटाळा आला की पेन हातातून खाली ठेवलं गेलं. पानं पिशवीत परत घातली. कोरा कागद घेतला आणि आपलं लिहायला सुरुवात केली.

स्वतःचं उघड्यावर कसं मांडणार? म्हणून बाईंनी हुशारी केली. गोष्टीत बायकोच्या जागी एक माणूस घातला आणि आजारी नवऱ्याच्या जागी एक म्हातारी. नुकतीच ड्रायव्हरभाऊची ओळ वाचलेली, त्यामुळे जे पांघरूण हाताशी आलं तेच ओढून घेतलं. यजमान आतल्या खोलीत झोपले होते. त्यांच्या कानावर हे कधी जाता कामा नये, एवढी एकच काळजी बाईंना होती. त्याखेरीज सगळं खरं लिहिलं.

टाइप करून, नाव न घालता बाकीच्यांच्या लिखाणात मिसळलेली ती गोष्ट शुक्रवारी वाचायला दातांच्या डॉक्टरच्या वाट्याला आली.

गोष्ट लहानशी होती. एक माणूस संध्याकाळी कामावरून घरी येतो. किल्ली काढतो, पण कुलपाला लावत नाही. जिन्यातच उभा राहून आतला कानोसा घेतो. खोकल्याचा आवाज आला, तर आत जातो आणि कामाला लागतो. पण कधी कधी आत अगदी शांत असतं. मग त्याच्या मनात येतं, संपलं असेल का? आणि खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं त्याला हलकं वाटतं. त्या हलकेपणाची त्याला लगेच लाज वाटते. तरी तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहतो, कारण दिवसभरात तेवढाच वेळ त्याचा असतो. मग तो किल्ली फिरवतो. म्हातारी जागीच असते. ती म्हणते, “आलास?”

वाचून झालं. पार्लरवालीने ओढणीने डोळे पुसले. एरवी प्रत्येक गोष्टीत ‘शेवट जरा अजून हवा होता’ म्हणणारे रोखपाल चष्मा काढून गप्प बसले.  आपलं लिहिलेलं ऐकून लोक गप्प होतात, हा अनुभव बाई साफ विसरल्या होत्या. आज हात वर करायचा, त्यांनी ठरवलं. नवऱ्याचं नाव कुठे आहे त्यात? करायचा. मांडीवरचा हात त्यांनी उचललासुद्धा.

तेवढ्यात समोरून ड्रायव्हरभाऊचा हात वर गेला.

“बाई,” तो म्हणाला. “बाई, मी एवढं नव्हतं लिहिलं. मी नुसतं आईची वेणी घालतो, तिला जेवू घालतो, असलं लिहिलेलं. ते जिन्यातलं तुम्ही घातलंत. पण तुम्हाला कसं कळलं? मी पण बस डेपोत लावून तसाच बसून राहतो हो. घरी जायचं जिवावर येतं. आजपर्यंत कुणाला बोललो नाही.”

आणि तो एवढा उंचापुरा गडी सगळ्यांसमोर रडायला लागला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ! नाव न घालायची पद्धत बाईंची, दुसऱ्याचं लिखाण ओळखू येणार नाही इतकं बदलायची खोडही बाईंचीच, आणि त्याची खरी पानं अजून त्यांच्या पिशवीत. आता रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं? ‘अहो, डोळे पुसा, हे तुमचं नाही, माझं आहे’ असं? बाईंनी वर उचललेल्या हाताने केस मागे सारले आणि म्हणाल्या, “बसा भाऊ. पाणी घ्या.” टाळ्या वाजल्या. त्या ऐकताना बाईंना राग आला, त्याचा नाही, स्वतःचा.

पुढचं सगळं सरळ उतारावर गेलं. ग्रंथपालांनी ती गोष्ट शहराच्या वार्षिक अंकाकडे पाठवली, तिथे ती निवडली गेली, आणि वाचनालयाने सत्काराचा रविवार ठरवला. बाईंनी मधे एकदा धीर करून ड्रायव्हरभाऊला फोन लावला. सांगून टाकायचं असं ठरवूनच.

“आईला वाचून दाखवली का गोष्ट?” सुरुवात म्हणून त्यांनी विचारलं.

“नाही हो बाई. ते कसं दाखवणार?” तो म्हणाला. “मुलाचं नाव छापून येणार एवढंच सांगितलं. तर शेजारपाजारच्यांना बोलावून सांगते. जीभ वळत नाही तरी सांगते.”

बाईंनी अभिनंदन म्हणून फोन ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तोंड उघडावं तर त्या म्हातारीचा आनंद जातो, शिवाय आपलं गुपित यजमानांपर्यंत पोचतं. गप्प बसावं, तर इतक्या वर्षांनी लिहिलेली एकुलती एक गोष्ट जाते. जाऊ दे, त्यांनी मनाशी म्हटलं. नाही तरी थकवा इतका होता की भांडायला लागणारी ताकद कुठून आणायची, हाच प्रश्न होता. निदान यजमानांना तरी कळणार नाही.

रविवारी सकाळी खालच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. बाई टेबलावरची फुलदाणी सरळ करत होत्या, तेवढ्यात दारातून लेकीचा आवाज आला.

“आई! बघ कुणाला आणलंय!”

लेक परगावाहून आदल्या दिवशी आली होती. तिने चाकांच्या खुर्चीतून वडिलांना आणलं होतं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. यजमान डाव्या बाजूने हसत होते. किती महिन्यांनी घराबाहेर पडले होते!

“तू एवढी राबतेस इथे, बाबांनी एकदा तरी बघायला नको?” लेक म्हणाली आणि तिने खुर्ची पहिल्या रांगेच्या कडेला नेऊन लावली.

 बाई तडक ग्रंथपालांकडे गेल्या. “वाचन नको ठेवू या,” त्या कुजबुजल्या. “वेळ कमी आहे.”

“वाचन नको? मग लोकांनी काय नुसतं माझं भाषण ऐकायचं?”

“हो,” बाई म्हणाल्या.

ग्रंथपालांना ते फार आवडलं, पण तेवढ्यात ड्रायव्हरभाऊ कागद घेऊन उभाही राहिला होता. त्याने घसा खाकरला. “ही गोष्ट निम्म्याहून जास्त बाईंची आहे,” तो म्हणाला. “मी नुसता धागा दिला.” लोक हसले, टाळ्या वाजल्या. बाईंना वाटलं, याच्यावर रागवावं तर हा तेवढीसुद्धा सोय ठेवत नाही.

तो वाचायला लागला. थांब्यांची नावं पुकारावीत तसा, मोठ्याने आणि एका सुरात. किल्ली. जिना. खोकला. ‘संपलं असेल का?’ बाईंनी मान वर केली नाही. कडेला, डावीकडे खुर्चीत बसलेला माणूस आपल्याकडे बघतोय की समोर, हे त्यांना बघायचंच नव्हतं. भूमिगत व्हायची सोय असती तर त्या झाल्या असत्या. म्हातारी ‘आलास?’ म्हणाली, वाचन संपलं, सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. ड्रायव्हरभाऊच्या हातात गुच्छ आला, फोटो निघाला. यजमानांनी डावा हात मांडीवर दोन-तीनदा आपटला. एका हाताच्या टाळ्या त्या एवढ्याच.

कार्यक्रम संपल्यावर लेक टॅक्सी बघायला रस्त्याच्या पलीकडे गेली. बाई खुर्ची ढकलत फाटकापर्यंत आल्या आणि झाडाच्या सावलीत थांबल्या.

“तो... चांगला आहे. ड्रायव्हर,” यजमान म्हणाले.

“हो.”

“गोष्ट... त्याची नाही.”

बाई खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मुठी घट्ट धरल्या.  खोटं सांगण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

“माझीच आहे,” त्या म्हणाल्या. “रागावलात?”

 यजमानांना एकेक शब्द जमवावा लागायचा. बाई वाट बघत राहिल्या. समोरून एक बस गेली.

“मला... जिन्यात चपला वाजतात ते... ऐकू येतं,” ते म्हणाले. “मग काहीच नाही. दार उघडत नाही. तेव्हा मी... खोकला आला तरी... दाबून धरतो.”

“का?”

“म्हटलं... जरा वेळ... उभी राहू दे. आत आली की... आहेच.”

बाई खुर्चीच्या मागून पुढे आल्या आणि फुटपाथच्या कडेवर, साडी मळेल की काय याचा विचार न करता, त्यांच्या पायाशी बसल्या. ज्या शांततेने आपल्याला हलकं वाटायचं, आणि वाटलं म्हणून इतके दिवस आपण स्वतःला खात होतो, ती शांतता हा माणूस आत पडल्या पडल्या, छाती दाबून, आपल्याला देत होता. दर संध्याकाळी. बाई रडायला लागल्या. शाळेत, घरी, दवाखान्यात कुठे रडल्या नव्हत्या, त्या भर रस्त्यात, लोक बघत असताना रडल्या. यजमानांनी डावा हात कसाबसा पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. हात जड होता.

लेक टॅक्सी घेऊन आली आणि दार उघडून धावतच पुढे झाली. “आई! काय झालं? बाबा, काय झालं हिला?”

“काही नाही,” यजमान म्हणाले. “दमलीय ती.”