उघाडीपाशी

"तुला धाडलंय कोनी?" ओटीवर तांदूळ पाखडता पाखडता गिरजाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही, मावशी. मी दिपिका, रोह्याजवळच्या अष्टमीची. एम. ए. करतेय. भांडणं कशी मिटतात, त्याचा अभ्यास."

"आनि जनूकडं चा घेतलास, त्यो पन अभ्यासच?"

पेणच्या खाडीकाठी त्या दोन वाड्यांचा बांध एक आणि पाणी सोडायची उघाडीही एकच. पाच वर्षांपूर्वी भरतीला उघाडीचं दार कोणीतरी उघडं टाकलं, खारं पाणी शेतांत शिरलं आणि दोन्हीकडची डोकी फुटली. जनू पलीकडच्या वाडीचा पुढारी, गिरजाबाईंच्या अनिताचा सासरा. तेव्हापासून अनिता माहेरी आली नव्हती.

"काय म्हनला जनू?"

"ते तुम्हाला सांगणार नाही. तुमचंही त्यांना सांगणार नाही."

जमिनी बघायला आलेले दलालही असंच गोड बोलत. गिरजाबाईंनी पोरीचं पाणी जोखायचं ठरवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुनवेच्या भरतीला आमची पोरं जनूच्या बाजूचा बांध फोडनार हायत. बोलू नको कुठं."

दिपिकाचा चेहरा उतरला. ती तशीच निघून गेली.

पुनवेला भर दुपारी गिरजाबाई बांधावर गेल्या. जनूची माणसं काठ्या घेऊन बसलेली दिसली, की पोरगी चुगलखोर ठरणार होती. उघाडीच्या दगडावर दिपिका एकटीच बसली होती. डोळे तांबारलेले.

"जनूला सांगितलंस?"

"नाही."

"मग हितं कशाला?"

"सांगता येत नव्हतं, आणि घरी बसवतही नव्हतं. म्हटलं, पोरं आली तर आडवी बसेन."

"कोन नाय येनार," गिरजाबाई म्हणाल्या. "खोटं बोलले मी गो."

दिपिकाने मान फिरवली. ती चढत्या पाण्याकडे बघू लागली. गिरजाबाई तिच्या शेजारी टेकल्या. मग हळूच विचारलं.

"माझी अनिता बरी हाय का?"

"तिचं तिलाच विचारा, मावशी. मी येते सोबत."

गिरजाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि बांधावरून पलीकडच्या वाडीची वाट धरली. दिपिका मागोमाग निघाली. पहिल्या घराच्या अंगणात कोणी पुरुष उठून उभा राहिला. जनू होता की आणखी कोणी, उन्हात ओळखू येईना. गिरजाबाई थांबल्या नाहीत.