मुकी बत्ती

फोल्केचं सिक्स्टेनशी बिनसलं आणि शिक्षा झाली फोल्केच्या बायकोला, गुनवोरला.

दोघे म्हातारे पंपाच्या जुन्या गॅसबत्त्या जमवायचे. पूर्वी ग्रेब्बेस्ता गावाच्या किनाऱ्यावर होडीहोडीत जळायच्या, तसल्या. त्यातही दोघांचा जीव अडकला होता तो 'फीरबो सत्त्याहत्तर' नावाच्या बत्तीत. तुमच्या-आमच्या डोळ्यांना सगळ्या फीरबो बत्त्या सारख्याच दिसतील. फोल्केला तसं म्हणून बघा! पहिल्या तऱ्हेच्या टोपीला भोकांची एक ओळ असते आणि पंपाची मूठ चपटी. दुसरीला दोन ओळी आणि मूठ गोल. तिसरी तऱ्हा नाही. हा निवाडा फोल्केने दिला होता, आणि जमवणाऱ्या सगळ्या मंडळींनी तो मान्य केला होता.

सिक्स्टेन सोडून. तो म्हणे, तिसरी आहे. टोपीला दोन ओळी, पण मूठ चपटी, आणि मुख्य म्हणजे ती आवाज करत नाही. पंपाची बत्ती म्हटली की ती फुसफुसणारच. पण ही म्हणे मुकी. "आमच्या बाबांकडे होती. तिच्या उजेडात ते रोज वाचत बसायचे. म्हणायचे, काय शांत बत्ती आहे!"

शेवटी वर्षाच्या मेळाव्यात, भरल्या सभेत, फोल्के उठून म्हणाला, "सिक्स्टेन, बत्ती मुकी नव्हती रे. तुझा बाप बहिरा होता."

सभा खो खो हसली. सिक्स्टेनने कोट चढवला आणि तो निघून गेला. त्यानंतर तो फोल्केच्या घराची पायरी चढला नाही.

पूर्वी दर शनिवारी दोघे मागच्या शेडमध्ये बसून एकमेकांचं डोकं खायचे. आता फोल्के आठवडाभर एकट्या गुनवोरचं खाऊ लागला. नाश्त्याला पंपाची मूठ, जेवणाला टोपीची भोकं. बरं, तिने काही म्हणावं तर त्याला ऐकू येत नसे. कानातलं यंत्र त्याने स्क्रूंच्या डबीत टाकून दिलं होतं. हल्लीचे लोक पुटपुटतात, असं त्याचं म्हणणं. बत्त्या पेटवणं तर त्याने केव्हाच सोडलं होतं. पेटवली की बत्तीचा भाव उतरतो म्हणे. गुनवोरला सिक्स्टेनची फार आठवण येई. माणूस म्हणून तर येईच, पण त्याहून जास्त, खायला दुसरं डोकं म्हणून.

ऑगस्टात एक जुना खलाशी वारला आणि त्याच्या सामानाच्या लिलावातून फोल्के एक खोकं घेऊन आला. टेबलावर ठेवून त्याने मेणकागद उलगडला.

"गुनवोर, ही कधी पेटलेलीच नाही. मेंटलची जाळीसुद्धा पाकिटात आहे, बघ."

"छान. मग पेटव की."

"आणि टोपी बघ! दोन ओळी. आणि मूठ..." त्याने मुठीवरून अंगठा फिरवला. "मूठ चपटी आहे."

गुनवोर हातातली बशी तशीच धरून उभी राहिली. मुठी नि भोकं ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती, आणि म्हणूनच तिला कळलं, की समोर सिक्स्टेनची तिसरी बत्ती आहे.

टोपीच्या आतल्या बाजूला इवलंसं 'टी' अक्षर ठोकलेलं होतं. "'त्यूस्त'चा टी असेल," फोल्के पडेल आवाजात म्हणाला. त्यूस्त म्हणजे त्यांच्या भाषेत मुकी.

"'तूर्सदाग'चा असेल. गुरुवारी केली असेल कुणीतरी."

"खरं काय ते पेटवल्याशिवाय कळायचं नाही. आणि पेटवली, की ती न पेटलेली राहणार नाही. अशी अख्ख्या जगात दुसरी नसेल, गुनवोर!"

"अरे, बत्ती पेटवायची नाही तर काय तिचं लोणचं घालायचं?"

पण तो दोन दिवस नीट जेवला नाही. खोक्यापाशी जाई, झाकण उघडी, पुन्हा लावी. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाला, "सभेत मी त्याच्या बापाला नावं ठेवली. मूठभर भोकांसाठी. नको होतं तसं बोलायला."

एवढं तिला पुरे होतं. तिने लागलीच फोन लावला.

"सिक्स्टेन, मी गुनवोर!"

"नको, नको. माझा विमा उतरवलेला आहे."

"अरे, गुनवोर! शनिवारी क्रेफिश खायला ये! फोल्केला तिसरी बत्ती सापडलीय!"

पलीकडून सावकाश प्रश्न आला, "मूठ कशी आहे?"

शनिवारी तो लीसेशील गावाहून ठरल्यापेक्षा एक बस आधीच आला. बागेत टेबल मांडलं होतं. शेपू घालून उकडलेले, छोट्या शेवंडीसारखे लालभडक क्रेफिश, भट्टीत भाजलेली चीजची पाई, दारूचे छोटे पेले. क्रेफिशच्या जेवणाच्या रिवाजाप्रमाणे तिघांच्या डोक्यावर कागदी टोप्या आणि गळ्यात लाळेरी. अशा थाटात दोन्ही म्हातारे एका भिंगात डोळे घालून बत्तीवर वाकले, आणि जेवण तसंच राहिलं.

"चपटी," सिक्स्टेन पुटपुटला.

"कुठली पेटी?" फोल्के म्हणाला.

"हो, मीही तेच म्हणतोय."

गुनवोरने कपाळाला हात लावला. यालाही कानाची तीच तक्रार होती तर.

फोल्केने काडेपेटी पुढे केली. "तूच पेटव. मुकी निघाली तर पुढच्या मेळाव्यात उभा राहून सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. तुझ्या बाबांचीही."

सिक्स्टेन एकदम मागे सरला. "वेड लागलंय का? कोरी करकरीत बत्ती! हिला काडी लावायची?"

"तुझंच खरं ठरतंय ना!"

"न पेटवता ठरू दे!"

एवढे दिवस जे भांडण होतं तेच पुन्हा सुरू झालं, फक्त बाजू बदलून. कागदी टोप्या हलू लागल्या. शेवटी गुनवोरने क्रेफिशची नांगी टेबलावर आपटली.

"सिक्स्टेन, तुला बत्ती हवी की बाप?"

हे मात्र त्याला नीट ऐकू गेलं. तो खाली बसला. "बाप," तो म्हणाला.

मग दोघांनी मिळून रॉकेल भरलं, मेंटल बांधलं, वाटीत स्पिरिट पेटवलं. फोल्के पंप मारत होता. बोटं भाजली तरी सिक्स्टेनने चावी सोडली नाही. मेंटल आधी धुरकटलं, मग लख्ख पांढरं झालं, आणि मावळतीच्या बागेत सफरचंदाची झाडं उजळून निघाली.

दोघे श्वास रोखून ऐकू लागले.

फोल्केने कान पुढे केला. सिक्स्टेनने हाताची वाटी करून कानाला लावली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काहीच नाही," फोल्के म्हणाला. "अजिबात काही नाही. सिक्स्टेन, माझं चुकलं. मुकी आहे."

सिक्स्टेनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लाळेऱ्याने ते पुसत तो म्हणाला, "ते बहिरे नव्हते रे. मला माहीत होतं, ते बहिरे नव्हते."

आणि बत्ती? बत्ती चवताळलेल्या मांजरीसारखी फिस्कारत होती. शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणापाशी येऊन तिच्यावर भुंकत होता, म्हाताऱ्यांना त्याचाही पत्ता नव्हता. गुरुवारीच केली असणार, गुनवोरच्या मनात आलं. घशाशी हसू आलं आणि त्याच्यामागून रडूही, आणि दोन्ही तिने पेल्यातल्या घोटाबरोबर गिळून टाकलं. फोल्केने सिक्स्टेनच्या खांद्यावर हात ठेवला होता. येत्या शनिवारी शेडमध्ये बसायचं का, असं तो विचारत होता, आणि सिक्स्टेन भलत्याच कशाला तरी हो म्हणत होता.

तेवढ्यात फोल्के वळला. "गुनवोर, तुझे कान चांगले आहेत. खरं सांग हं. तुला काही ऐकू येतंय?"

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

बत्तीच्या आवाजापुढे तिचं बोलणं कुणाला कळणार? गुनवोर उठली, दोघांच्या मधोमध वाकली आणि छातीत हवा भरून जिवाच्या आकांताने ओरडली, "काऽऽही ऐकू येत नाहीये!"