काकूंच्या बाजूची काच

"ही बघ, चालली की!"

वायरमनकाका गाडीच्या उघड्या दारापाशी उकिडवे बसले होते. चावी फिरवलेली होती, आणि बटण दाबताच काच सरसर खाली गेली होती. त्यांनी ती पुन्हा वर घेतली आणि ऐटीत दार लावलं. आत बसलेल्या काकूंनी चाचपडत बटण शोधलं, दाबलं. काच ढिम्म.

"नाही चालत हो."

"आत्ता माझ्यासमोर चालली. तू नीट दाबत नसशील."

कारखान्यात काकांनी जन्मभर मुक्या यंत्रांना बोलतं केलं, पण स्वतः बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. ऐकायचं तर त्याहून. सकाळपासून त्यांनी फ्यूज पाहिला, बटण बदललं, दाराचं आतलं कव्हर काढून मोटरही तपासली. सगळं ठणठणीत. दार उघडं ठेवून तपासलं की काच वरखाली व्हायची, दार लावलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. तेव्हा दोष काकूंच्या बोटात आहे, असं त्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. माणूस एकदा हुशार ठरला की त्याचं असं होतं.

काकूंची नजर वर्षभरात विझत आली होती. "थोडं दिसतं अजून," असं त्या म्हणायच्या, आणि त्या 'थोडं'ला काका घट्ट धरून होते. रोज दुपारी ते त्यांना गाडीतून फिरवून आणायचे. काच खाली असायची, काकू डोळे मिटून वारा घ्यायच्या आणि पुटपुटायच्या, "बेकरी आली... शाळा सुटली वाटतं... ही लाकडाची वखार." सगळं गाव जणू झोपेत त्यांच्या गालावरून जायचं. काच अडकली आणि हे थांबलं. "बंद डब्यात बसून कुठं जायचं?" म्हणत त्या दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. काकांना डोळ्यांपेक्षा त्या पाठीची भीती वाटत होती.

"अहो, एक सांगू?" काकू आतून म्हणाल्या. "दार उघडं असलं की ही ऐकते, लावलं की बहिरी होते. अगदी तुमच्यावर गेलीय."

काका हसले नाहीत. ते दार उघडून बिजागरीपाशी वाकले. तिथे गाडीतून दारात जाणाऱ्या वायरी एका रबरी नळीत असतात. नळी मागे सारली, तर आत एक वायर तुटलेली. दार उघडलं की तिची टोकं एकमेकांना टेकायची, मिटलं की सुटायची.

त्यांनी जोड दिला, टेप गुंडाळली आणि दार लावलं. काकूंनी बटण दाबलं. काच खाली गेली, आणि दुपार आत आली.

"मी कधीची सांगतेय."

"हं. चुकलंच माझं."

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा बघू!"

मग ते निघाले. उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता, गाडी तरंगत चालली होती. बेकरी गेली, शाळा गेली, वखारही गेली. काका आनंदाच्या भरात वळायचंच विसरले.

"हे कुठं आलो?" काकूंनी विचारलं. "इथला वास ओळखीचा नाही. काय काय आहे, सांगा ना."

काका गडबडले. "घरं आहेत."

"घरं तर सगळीकडेच असतात हो."

त्यांनी घसा खाकरला. "एका गच्चीत... पडदे वाळत घातलेत. मोठे. निळे."

"निळे म्हणजे कसे? तुमच्या या शर्टासारखे?"

काकांनी खाली पाहिलं. शर्ट पांढरा होता.

"हो," ते म्हणाले, "अगदी असेच."

काकूंनी समाधानानं मान सीटला टेकवली. काकांना पुढचं क्षणभर काही दिसेना. मग त्यांनी गाडी आणखी हळू केली आणि पुढचं घर सांगायला घेतलं.