मूर्तिजापूरचा कान

कमरेपासून घोट्यापर्यंत माही शीर सहा महिन्यापासून आखडून होती. मी अमरावतीच्या शाळेत चित्रकला शिकवतो. फळ्यापुढं उभं राहनं मुश्कील झालं. मनून खुशालराव वैद्याकडे गेलो. ते कानाले तापल्या तारेचा डाग देऊन अशी शीर मोकळी करत. पन माहं नशीब पाहा. त्याच वर्षी, अठ्ठावन साली, त्यायनं आन अकोल्याच्या नत्थुजी वैद्यानं ठरवलं का कोन्या दुखन्याले कानात कुठं डाग द्याचा, याचा वऱ्हाडात एकच नकाशा पायजे.

"नकाशा मंजूर झाला का पयला डाग तुमाले, मास्तर," खुशालराव मनले. "फक्त तो तुमी काढून द्या."

मंजूर कायचा होते! कानातल्या जागायची नावं पाह्यली तर खुशालरावच्या कानात शेत होतं: धुरा, विहीर, गोठा. नत्थुजीच्या कानात घर: उंबरठा, चूल, न्हानी. कमरेच्या जागेले एक मने विहीर, दुसरा मने चूल. चार रविवार मी एस.टी.त एका कुल्ल्यावर बसून अकोल्याले गेलो, हे आयकाले.

"कानात विहीर कशी राहीन?" नत्थुजी मनत.

"आन चूल राहते? मंग धूर कुठून निंगते, नाकातून?"

चौथ्या रविवारी 'विहिरीजवळची चूल' मंजूर झाली.

आता कान कोनाचा काढाचा? खुशालरावचा काढला तर अकोला रुसते, नत्थुजीचा काढला तर अमरावती. मनून दोघायनं मधातल्या गावचा मानूस पसंत केला: मूर्तिजापूरचा चंद्रभान पहिलवान. गडी तीन घंटे हालला नाई. पन पंधरा वर्सं कुस्त्या खेळून त्याचा कान भाजलेल्या रोडग्यासारखा झालता.

"हा कान मोडेल हाय," म्या सांगतलं.

"मास्तर, तुमी चित्र काढा. वैदकी आमी पाहू."

काढलं. तीनशे नकाशे छापून आले.

मंग अकोल्याले सभा भरली. चंद्रभानच्या गळ्यात हार. मी पाटावर. नत्थुजीच्या हातात लाल तार, खुशालरावच्या हातात नकाशा.

"तिसऱ्या घडीखाली पाहा," खुशालराव मनले.

"याले तिसरी घडीच नाई."

"नाई कशी? नकाशात हाय."

दोघायनं माह्याकडे असं पाह्यलं का जशी घडी म्याच घरी ठेवून आलो.

"मास्तर," नत्थुजी मनले, "तुमचा कान चुकीचा हाय."

"नकाशा चुकला मना ना."

"नकाशा सर्वानुमते हाय. कान तुमचा एकट्याचा."

एवढ्या दिवसात पयल्यांदा खुशालरावनं त्यायच्या बोलन्यावर मान डोलावली.

चंद्रभानले माही दया आली. हार काढून तो उठला. "दोन मिनिटं द्या. नकाशाबरहुकूम करून देतो," मनला, आन माहं डोस्कं काखेत घेतलं. कसा सुटलो मालूम नाई. पन सुटलो तो पयत सुटलो, थेट मोटार स्टँडावर.

माह्या मागं दोघंय वैद्य धापा टाकत आले. खुशालरावनं वही काढली.

"लंगडत आलता, पयत गेला," ते लिहू लागले. "नुसत्या नकाशानं गुन. तारीख टाका, नत्थुजी."

मोटार लागली होती, आन पायरीवर माहा पाय उचलता उचलेना.

तारीख टाकून झाली. मंग दोघायनं मले दोन्ही काखेतून धरून मोटारीत चढवलं.