वेशीतल्या टाइल्स

गावाला इतिहास हवा असं सुकदेवला ज्या वर्षी वाटलं, त्याच वर्षी त्याने बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता. दावण रिकामी झाली की लोकांना पूर्वज आठवतात, असा भागाबाईचा अनुभव. सुकदेव तिचा भावकीतला लांबचा दीर. पोळ्याला वेशीचं तोरण पहिल्यांदा तिच्या सासऱ्याची जोडी तोडायची. नवरा गेल्यावर तो मान सुकदेवने तात्पुरता घेतला, आणि तात्पुरतं घेतलेलं या गावात कधी परत होत नाही.

यंदा वेशीवर काळा दगड बसला. त्यावर कोरलं होतं: वेस सुकदेवच्या पणज्याने बांधली, पहिला मान त्याच घराण्याचा. मजकूर निवृत्त मास्तर धनसिंग नानांचा. गढीला एक ओळ, बारवेला एक, सुकदेवला पाच. शोभेसाठी सुकदेवने वेशीखाली चकचकीत टाइल्सही बसवल्या.

"नाना, वेस बांधताना तुम्ही होतात का?" भागाबाईने विचारलं.

"इतिहासाला साक्षीदार लागत नाही, भागाबाई."

"मग यजमान लागतो वाटतं."

पोळ्याला ती आपली जोडी घेऊन तोरणासमोर उभी राहिली. आज मागे सरलं, तर दगडावरचं खरं होणार होतं.

"वहिनी, मागे व्हा. वाचता येत नाही का?" सुकदेव गुरगुरला.

"येतं की. हाई जोडी तुम्हनी शे का, भाडानी?"

जोडी भाड्याचीच होती; लोक फिसकन हसले. सुकदेवने रागाने कासरा ओढून जोडी पुढे घातली. बैल टाइल्सपाशी थबकले. एकाने खूर टेकवला, तो सर्रकन घसरला. बैल गुडघ्यावर आला, धडपडत उठला आणि फुरफुरत मागे फिरला. मग चाबूक झाला, शिव्या झाल्या, बैल हलेनात.

भागाबाईने सून मयुरीला घरी पिटाळलं. मयुरीने आणलेली गोणपाटं भिजवून तिने टाइल्सवर अंथरली.

"गोणपाटावरून मान घेता?" सुकदेव ओरडला.

"तुमच्या टाइल्सवरून घ्या ना तुम्ही!"

तिची जोडी शांतपणे पलीकडे गेली. तोरण तुटलं, हलगी कडाडली. सुकदेव लगबगीने गोणपाटाकडे वळला, तशी भागाबाई आडवी आली.

"आधी बठ्ठं गाव जाऊ द्या. सगळ्यांच्या शेवटी तुम्ही."

मागच्यांनी क्षणभर सुकदेवकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे. आणि एकेक जोडी त्याला वळसा घालून पुढे निघाली. धनसिंग नानांची जोडीसुद्धा. शेवटची जोडी पार होताच मयुरीने गोणपाटं उचलली.

"वहिनी, मी राह्यनू शे!"

"पणज्याला हाक मारा, भाऊजी," भागाबाई मागे न बघता म्हणाली. "वेस त्यासनीच शे ना!"