तहानलेली भिंत

ऑगस्टमधल्या त्या रविवारी अमेरिकेतल्या डब्लिनला विवेक आणि पद्मजाच्या गॅरेजमध्ये चपलांचे साठेक जोड पडले होते आणि त्यांचे मालक खाली बेसमेंटमध्ये भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंतीवर ओल होती, गुडघ्याएवढी चढलेली. आज ती मंत्राने उतरणार होती.

उतरवणारे होते राजेश गुरुजी. अंगात पोलो शर्ट, कपाळाला गंध, हातात ड्रिल. स्वतःला वास्तुजलतज्ज्ञ म्हणवून घेत.

"भिंतीत सूक्ष्म नलिका असतात," गुरुजी म्हणाले. "त्यातून जमिनीतलं पाणी वर चढतं, असं इंजिनिअर सांगतात. मी म्हणतो, मान्य. पण चढवतं कोण?"

इंजिनिअर लोकांनी माना डोलावल्या. ते तिथे निदान बारा तरी होते.

गुरुजींनी दोन टोकदार सुयांचं एक छोटं यंत्र काढलं आणि सुया भिंतीत दाबून रुतवल्या. यंत्र किंचाळलं.

"ऐकलंत? ही तहान आहे. या घरातला एक पुरुष वर्षाच्या आत गेला. जाताना त्याच्या तोंडात पाणी पडलं नाही."

पुढच्या रांगेत विवेकच्या आई बसल्या होत्या, शरयूकाकू. काका गेल्यावर एप्रिलमध्ये नागपूरहून इथे आलेल्या. त्यांची खाट याच बेसमेंटमधल्या खोलीत होती. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"त्यांना कसं कळलं गं?" माझ्या मागे कोणीतरी कुजबुजलं.

गुरुजींनी भिंतीच्या पायथ्याशी ओळीने भोकं पाडली. बिनलेबलाच्या पांढऱ्या नळकांड्यातून त्यात 'सिद्ध रस' भरला आणि उरलेला ओलीवर हाताने पातळ सारवला. खोलीभर आंबट वास पसरला.

"पितर सुटल्याचा वास," गुरुजी म्हणाले.

मला तो वेगळ्याच कशाचा तरी वाटला. मी हार्डवेअरच्या दुकानात फटी बुजवायच्या सामानाच्या रांगेत काम करते. या देशातली पहिली आठ वर्षं व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, तेव्हा लायब्ररीतली पुस्तकं वाचून घर दुरुस्त करायला शिकले. बाथटबच्या कडा चार वेळा स्वतः भरल्यात. तो व्हिनेगरसारखा वास मला झोपेतही ओळखू येईल. पण वर मसालेभात वाढला होता आणि पंगतीच्या तोंडावर वाद नको म्हणून मी गप्प बसले. ती माझी चूक.

दीड तासाने सगळे परत खाली. गुरुजींनी यंत्र अलगद भिंतीला टेकवलं. यंत्र गप्प. टाळ्या पडल्या. दोघांनी पहिल्यापासून सगळ्याचा व्हिडिओ काढला होता.

"पण हा तात्पुरता उतार," गुरुजींनी हात वर केला. "ज्यांच्या हातून पाणी द्यायचं राहिलं, त्या या छपराखाली आहेत तोवर तहान परत चढणार. त्यांनी लवकरात लवकर मूळ घरी जावं."

तीन वेबसाइट पाहिल्याशिवाय पावसाच्या अंदाजावर विश्वास न ठेवणाऱ्या विवेकने फोन काढला आणि तो नागपूरची तिकिटं बघायला लागला.

बुधवारी मी काकूंना भेटायला गेले. बेसमेंटमध्ये दोरीवरच्या ओल्या कपड्यांखालून वाकत त्यांच्या खोलीशी पोचले. बॅग अर्धी भरलेली. भिंतीशी पाण्याने भरलेला तांब्या.

"रोज भरून ठेवते," काकू म्हणाल्या. "पण रिकामा होत नाही. पीत नाहीत ते. रागावले असतील."

"काकू, काय झालं होतं त्या दिवशी?"

"मी चहा ठेवायला गेली होती बाई. त्यांनीच मागितला होता. पाच मिनिटं. परत आली तर..." त्यांनी बॅगेची चेन उगाच लावली, उगाच उघडली. "मंगळवारचं विमान आहे. जाते मी. पोरांच्या घराला त्रास नको."

मी वर आले. पद्मजा भाजी चिरत होती.

"त्या माणसाला काकांचं कसं कळलं?"

"तेच तर ना ताई. शहारे आले मला."

"त्याला बोलवायच्या आधी तू काही भरून दिलं होतंस?"

"फक्त ऑनलाइन फॉर्म. घर किती जुनं, बेसमेंट आहे का, अलीकडे कोणी गेलं का, शेवटी जवळ कोण होतं, कसं झालं..." तिची सुरी थांबली.

"आणि तू सगळं लिहिलंस."

"फॉर्म पूर्ण भरल्याशिवाय सबमिट होत नव्हता."

आपली माणसं. फॉर्ममधला एक रकाना रिकामा सोडवत नाही.

मी खाली जाऊन भिंतीचा न सारवलेला ओला भाग हेअर ड्रायरने वाळवला आणि त्यावर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा चौकोन चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवला. "रविवारपर्यंत कोणी हात लावू नका," सांगितलं.

रविवारी गुरुजी पुन्हा आले. आणखी सात घरांना त्यांच्याकडून भिंती पाडून, म्हणजे टोचून घ्यायच्या होत्या. गर्दी तेवढीच. मी पिशवीतून एक बटाटा काढला. अर्धा कापलेला.

"ही प्रसादाची जागा नाही," गुरुजी म्हणाले.

"हा भिंतीच्या वतीने आलाय. तुमचं यंत्र देता?"

"ते अभिमंत्रित आहे. परक्या हाताने बिघडतं."

"असू दे. माझ्याकडे तसंच आहे, आमच्या दुकानातलं. सुयांमधून थोडी वीज जाते. ओल असली की वाजतं, एवढंच त्याचं ज्ञान." मी सुया बटाट्याच्या एका भागात रुतवल्या. किंचाळी. "बटाट्याचे कोण पितर तहानले असतील?"

कोणीतरी हसलं, मग खोकलं.

"कापलेल्या बाजूच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर मी बाथरूमचं सिलिकॉन लावून वाळवलंय. वास ओळखीचा वाटेल." मी सुया त्यावर नुसत्या टेकवल्या. यंत्र गप्प. "बटाटा वाळला?"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वाकून बटाटा पाहिला.

"वर रबरासारखा पापुद्रा आलाय. त्यातून वीज जात नाही. आता दाबते." सुया पापुद्र्यातून आत गेल्या. किंचाळी. मग मी गुरुजींनी सारवलेल्या भिंतीकडे वळले, तिथेही आधी टेकवल्या, मग दाबल्या. गप्प, आणि मग किंचाळी.

"गेल्या रविवारी आधी यांनी सुया रुतवल्या होत्या," विवेक हळूच म्हणाला. "नंतर टेकवल्या." तो फोनमधला व्हिडिओ बघत होता. इतके दिवस तो त्याच्याकडेच होता.

"ओल तर आहेच ना," गुरुजी म्हणाले. "ती कुठून आली, ते सांगा की मॅडम."

"काकू, तुम्ही या," मी म्हटलं. "या फॉइलला हात लावा."

काकूंनी बोट फिरवलं. बोट ओलं झालं. बाहेरच्या बाजूला थेंब होते. मी टेप सोडवून फॉइल उलटं केलं. भिंतीकडची बाजू कोरडी ठणठणीत.

"पाणी भिंतीतून आलं असतं तर मागे साचलं असतं. ते पुढे आहे, म्हणजे हवेतून आलंय. फ्रिजमधलं भांडं बाहेर ठेवलं की त्याला घाम येतो, तसं. पलीकडे माती आहे, म्हणून भिंतीचा खालचा भाग सगळ्यात गार. आणि दमट हवा कुठली?"

सगळ्यांनी वर पाहिलं. चार दोऱ्या, अकरा ओले शर्ट, दोन चादरी. बाहेर कपडे वाळत घातले की सोसायटीची नोटीस येते, आणि ड्रायरमध्ये कॉटन आटतं, म्हणून आपण सगळेच बेसमेंटमध्ये दोऱ्या बांधतो. खोलीतल्या निम्म्या लोकांनी मान खाली घातली. त्यांच्याही घरी दोऱ्या होत्या.

"म्हणजे हे आपल्या कपड्यांचं पाणी?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. काकांचा काही संबंध नाही. हवा कोरडी करायचं मशीन लावलं, दोऱ्या काढल्या, की जाईल."

"मग त्या माणसाला पाणी राहिल्याचं..."

"मी लिहून दिलं होतं आई," पद्मजा म्हणाली. "मीच."

काकूंनी ओलं बोट पदराला पुसलं. विवेक जिन्याकडे निघाला. "मंगळवारचं कॅन्सल करतो," एवढंच म्हणाला. गुरुजी ड्रिलची वायर गुंडाळत होते. त्यांना कोणी चहा विचारला नाही.

जमिनीतलं पाणी खरोखर पिणाऱ्या भिंती असतात. त्यांच्यासाठी भोकं पाडून भरायची औषधंही असतात, आणि ती लावणारी प्रामाणिक माणसंही. पण औषधाआधी तपासणी मागा. सुया रुतवल्या की टेकवल्या, ते बघा. फॉइलचा तुकडा कुठल्याही स्वयंपाकघरात असतो. आणि भिंतीतल्या ओलीचा दोष जो घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या दुःखावर टाकतो, त्याला भिंतीतलं काही कळत नाही, त्याला फक्त तुमचा फॉर्म वाचता येतो.

गर्दी वर गेली. काकूंनी भिंतीशी ठेवलेला तांब्या उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"बोलून बोलून घसा सुकला असेल तुझा. घे."

मी प्यायले. तांब्या रिकामा झाला.