चाकाच्या गोचिड्या

जीवन आडेच्या नव्याकोऱ्या गाडीला ऐंशीच्या वर हीव भरायचं. साठपर्यंत गाडी लोण्यासारखी पळायची. सत्तरला जराशी कुरकुर सुरू व्हायची, आणि ऐंशी ओलांडली की स्टेअरिंग असं थरथरायचं की धरणाऱ्याच्या मनगटाला मुंग्या याव्यात. नागपूर रोडवर हा तमाशा रोजचाच होऊन बसला होता.

आता गंमत बघा. हा जीवन म्हणजे रस्त्यांचा ठेकेदार. त्याच्या रस्त्यांनी दारव्हा-नेर पट्ट्यातल्या निम्म्या गाड्यांची हाडं खिळखिळी केली, तेव्हा त्याला कधी कोणाची कीव आली नाही. स्वतःचं स्टेअरिंग हललं तर मात्र आभाळ कोसळलं. त्यानं थरथरत्या स्टेअरिंगचा व्हिडिओ काढला, खाली ‘शेतकऱ्याच्या पोराला कंपनीनं फसवलं’ असं लिहिलं आणि यवतमाळातल्या झाडून साऱ्या ग्रुपवर टाकला. म्हणे शेतकऱ्याचं पोर. बापाची बैलजोडी यानंच विकायला लावली होती आणि बापाला तांड्यावरून उचलून यवतमाळच्या फ्लॅटमध्ये आणून बसवलं होतं.

त्या बापाचं नाव खेमसिंग. बायको मानीबाई गेली, बैल गेले, आणि म्हातारा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत येऊन बसला. हातांना काम नाही. सून ममता वेळेवर ताट देई, पण बोलायला कोणी नाही. मग गाडी आली आणि म्हाताऱ्याला जनावर मिळालं. सकाळी उठला की बादली घेऊन खाली. पुसायचा, थोपटायचा, कोणी बघत नसलं की दोन शब्द बोलायचासुद्धा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायले या.’ सारा जन्म खेमसिंगनं हे केलं होतं. या वर्षी खांदे कुठून आणणार? तो तुपाची वाटी घेऊन पार्किंगमध्ये उतरला, गाडीच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी तूप-हळद चोळली आणि पांढऱ्या पत्र्याला आवतण दिलं. मग जुन्या सवयीनं खूर बघावेत तशी पुढची चाकं बघायला बसला. आतल्या बाजूला, बोटं घालून चाचपल्याशिवाय कळू नयेत अशा, कसल्यातरी करड्या गोचिड्या चिकटलेल्या. बैलाच्या अंगावर गोचीड ठेवली तर रक्त पिते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. खिशातल्या चाकूच्या टोकानं त्यानं एकेक खरवडून काढली आणि नालीत फेकली. मागच्या चाकांपर्यंत जायला गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून तेवढी वाचली.

त्याच वेळी ड्रायव्हर अश्वजित गाडीची किल्ली घ्यायला आला होता. त्यानं म्हाताऱ्याला चाकाशी उकिडवं बसलेलं, नालीत काहीतरी टाकताना पाहिलं. माती काढत असतील बाबाजी, असं समजून तो हसला आणि वर गेला.

संध्याकाळी पांढऱ्या बॉनेटवर पिवळे डाग बघून जीवन भडकला. सुनेसमोर, अश्वजितसमोर बापाला म्हणाला, "आणखी एक असा उपद्व्याप केला ना बा, तं सीधा तांड्यावर नेऊन सोडतो. बसा तिथं भिंतीसंगं बोलत." ज्याच्या जिभेला हाड नाही त्याच्याशी काय वाद घालणार. म्हातारा मान खाली घालून उभा राहिला. जीवन वर गेल्यावर अश्वजितनं मुकाट्यानं शाम्पू आणून डाग काढले आणि म्हणाला, "निंगाले डाग, बाबाजी. जेवून घ्या." त्या दिवसापासून खेमसिंगचा त्या पोरावर जीव जडला.

अश्वजित नेरकडचा. आधी शाळेची गाडी चालवायचा. बौद्ध घरातला, त्यामुळे गाडीच्या पूजेला त्यानं नारळ फोडला नाही, पण चाकाखालची लिंबं मात्र सांगितल्यावर हसून चिरडली. यवतमाळात ड्रायव्हरची भाकर लोकांच्या जिभेवर असते. एका मालकानं दुसऱ्याला चांगलं सांगितलं तर काम, वाईट सांगितलं तर जिल्हाभर दारं बंद. हे अश्वजितला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तो गाडी पोटच्या लेकरासारखी जपायचा.

आणि पोळा झाला तसं स्टेअरिंग थरथरू लागलं. जीवननं आधी हवा बघितली, मग कंपनीला शिव्या घातल्या, मग अश्वजितकडे वळला. खड्ड्यात चाक आपटलं असशील, म्हणाला. आपटलं नाही म्हणून पोरगा शपथेवर सांगत होता. जीवननं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "उद्या सर्व्हिस सेंटरले जाऊ. तुह्या हातानं झालं असंन, तं परवापासून येऊ नोको."

खेमसिंगला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून तयार. मीही येतो म्हणाला. मनात पक्कं ठरवलं होतं: पोरावर आळ आला तर आपण मधी पडायचं. हा पोरगा गाडी कशी फुलासारखी चालवतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय, असं चारचौघांत सांगायचं. लेक ओरडला तर ओरडला. म्हाताऱ्याची छाती त्या सकाळी चांगली वीतभर फुगली होती.

सर्व्हिस सेंटरमध्ये रोशन नावाचा मिस्तरी होता. त्यानं बायपासवर गाडी पळवून बघितली आणि मान डोलावली. परत येऊन पुढची चाकं मागं आणि मागची पुढं लावली, पुन्हा पळवली. या खेपेला स्टेअरिंग गुमान राहिलं आणि थरथर सीटखाली आली. म्हणजे रोग स्टेअरिंगात नाही, चाकांत आहे, असं त्यानं सांगितलं. जीवन लगेच मॅनेजरच्या अंगावर धावून गेला. चाकं फुटकी देता काय, व्हिडिओ पाह्यला ना माझा, अजून दहा टाकतो. मॅनेजर बिचारा एसीत घामाघूम झाला. काउंटरवर उभी असलेली गिऱ्हाइकं वळून बघू लागली, आणि जीवनला तेच हवं होतं.

रोशननं चाक मशीनवर चढवून फिरवलं. मग काढून उजेडात धरलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. रिमच्या आतल्या बाजूला डिंकाचे चौकोनी ठसे होते, बाजूला चाकूचे ओरखडे. चाक सगळीकडून सारख्या वजनाचं नसतं, म्हणून जिथं हलकं तिथं शिशाचे तुकडे चिकटवतात, असं त्यानं समजावलं. ते तुकडे कोणीतरी खरवडून काढलेत, दुसऱ्या चाकाचेही. नमुना म्हणून त्यानं खोक्यातली एक पट्टी काढून तळहातावर धरली.

खेमसिंगनं ती करडी पट्टी बघितली आणि आपल्या गोचिड्या ओळखल्या. त्यानं नजर वर केली, तर अश्वजित त्याच्याकडेच बघत होता. पोराला नाली आठवली होती. बाबाजी स्वतःच सांगतील, आपण कायले म्हाताऱ्याला उघडं पाडायचं, असा त्याच्या मनाचा चांगुलपणा. चांगुलपणाला वेळेचं भान नसतं, हाच त्याचा दोष.

जीवनचा चेहरा उतरला होता. कंपनी सुटली. तो व्हिडिओ, एवढी आरडाओरड, आणि सारे त्याच्याकडे बघत उभे. आता कोणीतरी हवंच होतं. त्यानं चौफेर पाहिलं, बापावर क्षणभर थांबला, आणि अश्वजितकडे बोट केलं. याचा साळा अडाण नदीवर मासे धरतो, म्हणाला, जाळ्याला शिसं लागतं. नवीन गाडी दिली याच्या हाती, आणि यानं चाकंच लुटली.

नखाएवढ्या शिशासाठी कोणी नोकरी घालवील का, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रोशनलाही कळलं असेल. पण मालकाचं आणि ड्रायव्हरचं भांडण, मधी कोण पडतो? तो चाकाकडे बघत राहिला.

अश्वजितनं आणखी थोडा दम धरला. खेमसिंगकडे बघितलं, पुन्हा बघितलं. म्हातारा फेटा नीट करत राहिला. तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, "भाऊ, म्या नाही काढलं. पोयाच्या आदल्या दिवशी बाबाजी चाकं साफ करून राह्यले होते. त्यायले माहीत नसंन. चुकून झालं असंन."

"तुह्यावरचं आता माह्या बापावर ढकलतं?" जीवन म्हणाला. मग बापाकडे वळला. आवाज एकदम नरम. "बा, तुम्ही सांगा. तुम्ही काढलं का?"

खेमसिंगला तांड्यावरचं घर दिसलं, कुलूप लावलेलं, मानीबाई नसलेलं. अश्वजितचा चेहरा दिसत होता, कारण तो समोरच होता. सकाळी छातीत भरून आणलेले ते सारे शब्द होते, एकही खोटा नव्हता. एक ‘हो’ म्हणायचं होतं.

"नाही," म्हातारा म्हणाला.

अश्वजितनं किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. खेमसिंगच्या पाया पडायची त्याची रीत नव्हती, तरी निघताना तो क्षणभर त्याच्यापुढं थांबला. "जेवत जा येळेवर, बाबाजी," एवढंच म्हणाला आणि उन्हात चालत गेला. शिव्या दिल्या असत्या तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

तासाभरात रोशननं चारही चाकं मशीनवर लावून नवी वजनं बसवली. जीवन स्वतः चालवायला बसला, बापाला पुढच्या सीटवर घेतलं आणि नागपूर रोडला लागला. ऐंशी झाले, नव्वद झाले. स्टेअरिंग देवळातल्या दगडासारखं स्थिर.

"पुढच्या पोयाले चाकायले हात लावू नोका बा," तो रस्त्यावर नजर ठेवून म्हणाला.

खेमसिंगला आधी कळलंच नाही. मग सारं एकदम कळलं. "तुले माहीत होतं?"

पार्किंगच्या कॅमेऱ्यात आहे सगळं, जीवननं सांगितलं. बॉनेटला तूप कोणी फासलं ते बघायला त्यानं तो त्याच दिवशी पाहिला होता. चाकात बापाची बोटं कशाला गेली होती, ते मात्र रोशननं पट्टी दाखवली तेव्हा समजलं. तिथं खरं सांगितलं असतं, तर जीवन आडेच्या बापानं बैलाच्या काढाव्यात तशा गाडीच्या गोचिड्या काढल्या म्हणून सारं यवतमाळ हसलं असतं. ड्रायव्हर काय, दुसरा भेटतो.

"मंग त्याले परत बोलाव ना रे," खेमसिंग म्हणाला. त्याला रडू आलं होतं. "त्या लेकराची काय चूक? म्या सांगतो त्याले. पाया पडतो त्याच्या."

"‘नाही’ तं तुम्हीच म्हटलं, बा," जीवन म्हणाला. "म्या फक्त इचारलं. तुम्ही हो म्हटलं असतं, तं म्या काय करणार होतो? बापाले का खोटं पाडलं असतं?"

जीवननं फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे ट्रॅव्हल्सवाला होता, ज्याच्याकडे यवतमाळातले अर्धे ड्रायव्हर काम मागायला जातात. अश्वजित नावाचा कोणी नेरचा पोरगा आला तर ठेवू नको, चोरटा हात आहे त्याचा, असं जीवननं सांगितलं. पलीकडच्यानं विचारलं, पक्कं का?

"पक्कं," जीवन म्हणाला. "माह्या बापानं सोता पाह्यलं. हे काय, बाजूलेच बसले हायेत. बोला बा."

ट्रॅव्हल्सवाला मोठ्या अदबीनं रामराम करत होता. खेमसिंगनं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले, घसा साफ केला आणि उलट रामराम केला.